वॉटर पेपरवरची बाग

हिवाळ्यात आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, सकाळचं असं धुकं पडते, का समोरच्याचं फाटक दिसते पण घर दिसत नाही. मागच्या हिवाळ्यात त्या धुक्यात रोज साडेपाच वाजता एक म्हातारा माणूस माह्या स्कूटरच्या मागच्या सीटवर बसून राहे. डोक्याले मफलर. पायात बूट, डाव्याचा उजव्यात अन् उजव्याचा डाव्यात. मांडीवर रिकामी बादली. स्कूटर स्टँडवर उभी, चालवणारा म्हणजे मी अजून गोधडीत. अन् तो माणूस धुक्याले सांगे, "चाल गा लवकर. ताण जास्त झाला. झाडं मरतीन."

हे माहे सासरे. आमच्याकडं सासऱ्याले मामाजी म्हणतात.

ताण म्हणजे काय, ते मले लग्न होऊन पंचवीस वर्षं झाल्यावर समजलं, म्हून सांगून ठेवतो. संत्र्याच्या झाडाले फूल आणायचं असलं का पहिले त्याचं पाणी तोडतात. महिना-दीड महिना थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, झाड घाबरते. मग एक दिवस पाणी सोडलं का झाडाले वाटते, वाचलो बुवा, अन् त्या खुशीत ते फुलते. पाणी बंद करण्याले ताण देणं म्हणतात, सोडण्याले ताण तोडणं. दिवस मोजून करा लागते. कमी पडला तर फूल नाही. जास्त झाला तर झाड नाही.

मामाजीची कळमेश्वरकडं दोनशे झाडं होती. आता तिथं निळ्या पत्र्याचं गोदाम आहे. मामाजी ते गोदाम विसरले. जेवलो का नाही हे विसरतात, कोणतं साल आहे हे विसरतात, मी कोण हेही विसरतात. कधी मी जवाई असतो, तेव्हा मले "अहो-जाहो" करतात, चहा घ्या म्हणतात, अन् पुढं काही बोलत नाही. कधी मी बागेतला गडी असतो. तेव्हा तीन शिव्या देतात अन् मग अर्धा घंटा सगळं समजावून सांगतात. खरं सांगू, गडी असलो का मले बरं वाटे. जवाई म्हून मी काही कामाचा नाही, हे त्याईले पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

एक दिवस फाटक उघडं राहिलं. कोणाकडून राहिलं, ते विचारू नका. माह्याकडून. स्कूटरवर मामाजी नाही, बादली नाही. मी अन् घरची, म्हणजे माही बायको, दोन दिशेले पळालो. मले ते हिंगणा रोडवर सापडले. पहिल्या पाळीच्या कंपनीच्या बसा धुक्यातून दिवे लावून सुसाट चालल्या होत्या, अन् मामाजी मधात डिव्हायडरवर उभे. बादली कुठं तरी पडली होती. हातात कोणाची तरी पाण्याची बाटली, अन् कण्हेरीच्या एकेका झाडाले घोट-घोट पाणी पाजून राहिले.

मले पाहून म्हणे, "आला का रे? इतका उशीर? ही ओळ झाली. पलीकडची राहिली."

पलीकडची ओळ म्हणजे रस्त्याच्या त्या बाजूची. मधातून बसा. मी म्हटलं, "पलीकडची मी करतो मालक, तुम्ही बसा." अन् मी खरंच त्याईच्या हातातली बाटली घेऊन पुढच्या चार कण्हेरीले पाणी घातलं. एक बसवाला खिडकीतून ओरडला, "अबे काका, घरी बायको पाणी देत नाही का?" मामाजी त्याले म्हणे, "तुह्या बापाची बाग आहे का?" मग आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडला.

त्या दिवशी घरचीनं फाटकाले कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी मामाजी फाटकाच्या सळ्या धरून उभे. रडत नव्हते. नुसते रस्त्याकडं पाहून राहिले, जशी गाडी सुटलेला माणूस रुळाकडं पाहते. मी तिले म्हटलं, "सांगून टाक ना वं, का बाग नाही म्हून."

"सांगतलं होतं एकदा," ती म्हणाली. "तुम्ही गॅरेजले गेलते. म्हटलं बाबा, झाडं नाही आता. तर म्हणे, कशानं गेली? असे रडले अजी, जशी आत्ता मयत झाली. संध्याकाळपर्यंत विसरले. सकाळी पुन्हा बूट घालून बसले. आता रोज सांगू, अन् रोज घरात एक मयत करू का?"

मग ती म्हणाली, "अन् कुलूप तरी किती दिवस? तुमच्या भरवशावरच ना? आज ना उद्या राहीन उघडं. दरवेळी बसवाला थांबणार नाही."

हे तिनं चपात्या लाटता लाटता सांगतलं. चपाती गोल झाली नाही, तेव्हा मले समजलं का तिले किती भेव वाटून राहिलं.

आता माहं काम सांगतो. मी गाड्यांचा पेंटर. डेंटिंगवाला ठोकून सरळ करते, मी पुट्टी भरतो, घासतो, रंग मारतो. शाळा चौथीत सुटली, म्हणजे शाळेनं मले सोडलं. रंगाचं म्हणाल तर एकदा एका पांढऱ्या गाडीचे दोन दरवाजे मी दोन पांढऱ्यात रंगवले. सावलीत काही दिसलं नाही, उन्हात नेली तर गाडीनं दुसऱ्याचा पायजमा घातल्यासारखं दिसे. मालक म्हणे, "तुले पांढरा एकच दिसते का बे?" तर असा मी कलाकार.

त्याच दिवसांत एक ड्रॉइंगच्या बाई आपली जुनी गाडी रंगाले टाकून गेल्या. रिटायर झालेल्या. डिक्की साफ करताना मले लाकडाचा चपटा डबा सापडला, त्यात तुटके खडू. शाळेतल्या खडूसारखे नाही. बोटानं दाबला तर रव्यासारखा भुगा होई, अन् रंग असा का बोट धुतलं तरी जात नव्हता. फोन केला तर बाई म्हणाल्या, "अहो ते पेस्टल आहेत, जुने. माझे हात आता चालत नाहीत. घरी कोणी काढणारं असेल तर घेऊन जा."

घरी काढणारं कोणी नव्हतं. मी आणला. संध्याकाळी मामाजी पलंगावर बसले होते अन् मी खडूचे तुकडे पाहून राहिलो, तेव्हा डोक्यात आलं. बागेत नेता येत नाही, तर बाग इथं आणून ठेवू. पाहतीन, बसतीन, फाटकाकडं जाणार नाही. घरचीले सांगतलं. ती मले वरून खालपर्यंत पाहून म्हणाली, "तुम्ही?"

पहिली बाग मी ड्रॉइंगच्या कागदावर काढली. चौकातल्या दुकानातून मोठा पांढराशुभ्र कागद आणला. त्यावर खडू असा घसरे, जसा मी एकदा मामाजीच्या घरच्या शेणानं सारवलेल्या अंगणात घसरलो होतो, मुलगी पाह्याले गेलो तेव्हा. झाडं काढली हिरवीगार, ट्रकच्या मागं असतात तशी, अन् प्रत्येक झाडाले पन्नास संत्री. केशरी खडू संपला तरी मी थांबलो नाही, लाल लावला. मामाजीसमोर धरला.

त्याईनं लय वेळ पाह्यलं. मग विचारलं, "कोणाची बाग आहे गा हे?"

"कोणाची वाटते?"

"फळ झाडावर अन् ताणाचे दिवस? कोण्या गाढवाची आहे?"

मी म्हटलं, "माही." अन् कागद गुंडाळला. गुंडाळता गुंडाळता अर्धी संत्री माह्या शर्टावर आली.

दुसऱ्या दिवशी बाईले पुन्हा फोन केला. म्हटलं, बाई, कागदावर रंग बसत नाही, उभा राहते अन् पडते. बाई म्हणाल्या, "साध्या कागदाला दात नसतात. पेस्टलला दात असलेला कागद लागतो, खरखरीत. रंगाचा भुगा त्या दातांत अडकून बसतो." अन् एक सांगतलं, "पाणी लागू देऊ नका बरं का. पाणी म्हणजे सगळं गेलं."

दात असलेला कागद. मी गॅरेजमध्ये उभा होतो अन् माह्या हातात तोच कागद होता. वॉटर पेपर. काळा, खरखरीत, पुट्टी घासायचा. पाण्यात बुडवून घासा लागते म्हून त्याचं नाव तसं. तीस वर्षांत त्याच्या दातांनं माह्या बोटांचे ठसे खाऊन टाकले. सरकारी कामाले अंगठा लावाले गेलो तर मशीन म्हणते, हा माणूसच नाही. अन् मी चौकात कागद शोधून राहिलो.

मग माहे प्रयोग सुरू झाले. पहिले ऐंशी नंबरचा पेपर घेतला, एकदम जाड दाण्याचा. म्हटलं जास्त दात, जास्त रंग. एक अख्खा हिरवा खडू अर्ध्या झाडात संपला, अन् त्यासंगं माह्या करंगळीची कातडी. त्या झाडाच्या बुडाशी थोडा लालसर रंग आला होता, घरची म्हणाली, "माती छान जमली." मी सांगतलं नाही. मग हजार नंबरचा घेतला, तो इतका बारीक का त्यावर रंग पावडर लावल्यासारखा बसे अन् फुंकलं का गेला. शेवटी चारशेवर जमलं. चारशेचा पेपर खडूले धरून ठेवते, पण खात नाही.

पण ते पेपर वहीएवढे असतात. मी आठ पेपर एका प्लायवुडवर चिकटवले अन् सांध्यांवर पुट्टी भरून घासलं. दरवाजासमोर उभा केला तर नुसता काळाकुट्ट. पहाट व्हायच्या आधीचं शेत असते तसा. मी त्याच्यासमोर बसून राहिलो, चहा थंड झाला. पांढऱ्या कागदावर सगळं मले आणा लागत होतं, उजेडही अन् अंधारही. इथं अंधार पहिलेच होता. फक्त जरा जरा उजेड ठेवत जायचा. मले वाटलं आत काही तरी आहेच, झाडं उभी आहेत, फक्त अजून दिसून नाही राहिली.

पण ताणातलं झाड दिसते कसं? मी तर दिवाळीले सासरहून आलेली संत्र्याची पेटी फोडणारा जवाई. झाडाकडं कधी पाह्यलंच नाही. म्हून मी गडी झालो. सकाळी मामाजी स्कूटरवर बसले का मी डोक्याले गमछा बांधून खाली उकिडवा बसे अन् विचारे, "मालक, ताणात पान कसं होते?"

"इतके वर्षं राबून तुले हे ठाऊक नाही? बैल कुठचा."

"विसरलो मालक."

"पिवळं नाही होत. पिवळं झालं तर गेलं. असं फिकं होते. अन् वळते, जशी झोपलेल्या लेकराची मूठ. दुपारी वळते, पहाटे थोडी उघडते. पहाटे उघडली नाही तर समजायचं, आता बस, पाणी सोडा."

"अन् माती?"

"आळ्यात भेग पडते. बोट जाईन इतकी. सकाळी भेगेत दव बसते. झाड तेवढंच पिते."

धुकं, अन् त्यात मामाजीचा आवाज. ते अशा सावकाश चालीनं सांगत, का मले कधी कधी वाटे स्कूटर चालूनच राहिली, आम्ही कळमेश्वरच्या पांदणीत लागलो. एकदा ते म्हणे, "जरा हळू चालव, खड्डा आहे," अन् मी बसल्या जागी कमरेत वाकलो.

फिका हिरवा डब्यात नव्हता. मी हिरवा लावला, त्यावर राखाडी बोटानं दाबला, खापरखेड्याच्या वीजघराकडून येणाऱ्या ट्रकांवर राखेचा थर बसते तसा. त्यावर जरासा पिवळसर. ते पान झालं. मग दुसरं. संध्याकाळी गॅरेजमधून आलो का जेवणापर्यंत पानं. मले हिशोबच राहत नव्हता वेळेचा. घरची हाक मारे तर मी कुठून तरी लांबून परत येई.

आठ दिवसांत बाग दिसाले लागली. अन् मग मी माह्या अकलेनं वागलो. गाडी रंगवली का शेवटी तिच्यावर क्लिअर मारतात, वार्निशसारखं, चमक येते अन् रंग पक्का होते. क्लिअर न मारता गाडी देणारा पेंटर म्हणजे मीठ न घालता भाजी देणारा. मी प्लायवुड गॅरेजमध्ये नेलं. क्लिअरच्या आधी धूळ उडवतात, तर सवयीनं कंप्रेसरची हवा मारली. अर्धी बाग मालकाच्या टेबलावर जाऊन बसली. मालक खोकून राहिला. उरलेल्या बागेवर मी स्प्रेच्या गनीनं क्लिअर मारलं, अन् माह्या डोळ्यासमोर झाडं काळी पडून आत गेली, जशी विहिरीत कोणी उतरते तशी. चमक मात्र जब्बर आली. माहं तोंड त्यात साफ दिसे.

मालक रुमालानं नाक पुसून म्हणे, "काय होतं हे?"

"बाग होती."

"अन् आता?"

"आता बोनेट आहे."

पुन्हा आठ पेपर, पुन्हा पुट्टी. दुसऱ्यांदा मी क्लिअरकडं पाह्यलंही नाही. जे काढलं ते तसंच, उघडं, हात लागला तर निघीन असं. दुसऱ्यांदा ओळी सरळ आल्या. मागं पाण्याच्या मोटारीचं घर काढलं, विहिरीचा कठडा काढला. घरचीले बोलावलं. ती पदरानं हात पुसत आली अन् तशीच उभी राहिली, पदर हातात.

"मोटारीचं घर इतकं सरळ नव्हतं," ती म्हणाली. "वाकडं होतं."

"किती?"

"तुम्ही स्कूटर लावता तितकं."

मी वाकडं केलं. ती खाली बसली. मग तिनं जे सांगतलं, ते मले पंचवीस वर्षांत माहीत नव्हतं.

"शेवटच्या वर्षी बाबांनं ताण दिला. दरवर्षी देत तसा. दिवस भरले, सकाळी मोटर लावली, तर पाइपातून नुसती हवा आली. विहीर आटली होती. बोअर मारला, कोरडा. टँकर आणले, दोनशे झाडाले टँकर किती पुरते? बाबा घरची प्यायची बादली घेऊन जात. रोज पहाटे. एकेका झाडाले एकेक तांब्या. लोकं हसत. झाडं ताणातच गेली अजी. बाबा म्हणत, मी तहानेलं ठेवलं त्याईले. मी आपल्या हातानं ठेवलं."

मी इतके दिवस समजत होतो, बादली अशीच त्याईच्या हातात विसरून राहते.

अन् आणखी एक आठवलं. त्या वर्षी संत्र्याची पेटी आली नाही, तेव्हा मी विचारलं होतं, "यंदा पेटी नाही आली वं?" ती म्हणाली होती, "नाही आली." मी म्हटलं बरं, अन् बाजारातून आणून खाल्ली.

"हे त्याईले नका दाखवू," ती म्हणाली. "हेच दिवस आहेत ते. हीच झाडं. पाहून काही झालं त्याईले तर?"

"मग फळवाली काढू का?"

"त्याले तर गाढवाची बाग म्हटलं ना."

शेवटी ठरलं का सध्या ओसरीत भिंतीकडं तोंड करून ठेवायचं, वर चादर टाकायची. चादर मी टाकली. भिंतीकडं तोंड करायचं विसरलो. अन् घरात विसरभोळे मामाजी आहे म्हणतात.

सकाळी जाग आली ती आवाज नाही म्हून. रोजचं "चाल गा लवकर" नाही. मी उठून बाहेर आलो तर घरची पहिलेच दारात उभी, तोंडावर हात. स्कूटरवर कोणी नाही. फाटकापाशी कोणी नाही. ओसरीत चादर खाली पडलेली, अन् मामाजी बागेसमोर उकिडवे बसलेले. धुकं ओसरीत आत आलं होतं. काळ्या पेपरावरची ती फिकी झाडं अन् धुकं, यात कुठून काय सुरू होते ते मलेही समजेना, अन् ती मी काढली होती.

मामाजी एकेका पानाजवळ तोंड नेऊन पाहून राहिले. मूठ उघडली का नाही ते.

"नाही उघडली," ते म्हणे. कोणालेच नाही, असंच. मग उठले, अंगणातल्या नळाखाली बादली लावली. नळाले पाणी होतं. बादली भरण्याचा आवाज ऐकत ते उभे राहिले, पूर्ण भरेपर्यंत, वरून सांडेपर्यंत.

मले समजलं ते काय करणार. पंधरा दिवसांचं काम. बाईचं बोलणं कानात, पाणी म्हणजे सगळं गेलं. मी "मामाजी!" म्हणत पुढं झालो, तर घरचीनं माहं बनियन मागून धरलं. असं धरलं का फाटलं.

"राहू द्या," ती म्हणाली.

मामाजीनं पहिल्या झाडाच्या बुडाशी तांब्या ओतला. मग दुसऱ्या. हळूहळू, धार पातळ, आळं फुटू नये अशी. ओळ संपली का दुसरी ओळ. एकही झाड सोडलं नाही, मोटारीच्या घरामागं मी आळसानं नुसता ठिपका दिला होता त्यालेही दिलं. अन् उरलेलं पाणी ओंजळीनं घेऊन पानांवर शिंपडलं, धूळ बसलेल्या झाडावर शिंपडतात तसं.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बाग होती. तो पेपर पाण्याचाच. पाणी त्याले नवीन नाही. वरचा राखाडी भुगा ओघळून खाली वाहत गेला होता, अन् मी बोटानं दाबून दाबून बसवलेला खालचा हिरवा दातांत अडकून तसाच होता, ओला, गडद. आठ दिवस मी जो हिरवा राखेखाली झाकला होता तो वर आला होता. वाहून गेलेली राखाडी खाली आळ्यांत, सांध्यांत जमून दुधट झाली होती, जशी पहाटे ओलीत केलेल्या शेतातून वाफ निघते. मले शंभर वर्षं ते जमलं नसतं. ते मी केलंच नव्हतं.

मामाजीनं तांब्या खाली ठेवला. बूट काढले, दोन्ही. पाय ओल्या फरशीवर ठेवले.

"लागलं," ते म्हणे. "पाणी लागलं."

मग चहा मांगतला. चहात दोन बिस्किटं बुडवून खाल्ली, अन् पलंगावर जाऊन झोपले. दहा वाजेपर्यंत झोपले. घरची तीनदा श्वास पाहून आली. मी गॅरेजले दांडी मारली अन् फाटलेल्या बनियनवर ओसरीत बसून राहिलो, बाग वाळताना पाहत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्कूटरवर बसले नाही. ओसरीत खुर्ची घेऊन बसले. मले पाहून विचारलं, "किती दिवस झाले रे पाणी देऊन?"

"कालच दिलं मालक."

"मग आता पंधरा-वीस दिवसांनं कळी. लक्ष ठेव."

आता आली ना पंचाईत. कळी मले आणा लागणार. मी बाईले फोन केला अन् सगळं सांगतलं. त्या म्हणाल्या, "पांढरा सगळ्यात शेवटी लावा. अन् घासू नका. नुसता टेकवा आणि उचला."

सतराव्या दिवशी सकाळी, ते उठायच्या आधी, मी पांढऱ्या खडूच्या तुकड्यानं एका फांदीवर तीन ठिपके टेकवले. ते उठले, खुर्चीत बसले, अन् मी भिंतीमागून पाहून राहिलो. कळी सापडाले त्याईले अर्धा घंटा लागला. सापडली तेव्हा नुसतं बोट लावलं अन् घरचीले हाक मारली. तिनं येऊन पाह्यलं. ती म्हणाली, "कुठं बाबा? हो, खरंच."

मग रोज थोडे थोडे. पांढऱ्यात मी पहिलेच कच्चा, तर एक दिवस जोशात इतके ठिपके दिले का मामाजी ओरडले, "एवढा फुलोरा? फांदी मोडीन! कोणी केलं हे?" मी ओल्या फडक्यानं निम्मे पुसले. पुसले तिथं पांढरट धुकं राहिलं, ते त्याईले आवडलं.

कधी कधी ते पाणी दिल्याचं विसरतात, मधातच पुन्हा ताण सुरू होते, अन् बादली भरते. मग मी पुन्हा पहिल्यापासून. घरचीले आता माहीत आहे, नळाले पाणी येते तोपर्यंत चिंता नाही. फाटकाचं कुलूप खिळ्याले लटकून राहते. मी दोनदा फाटक उघडं टाकून गेलो. कोणी गेलं नाही.

त्या पहिल्या बहारातली एक सकाळ सांगतो. सगळी ओळ फुललेली, ओसरीत धुकं, अन् मामाजी बागेत तोंड घालून उभे. वळले तेव्हा नाकाच्या शेंड्याले पांढरा खडू. घरचीनं पाह्यलं पण पुसलं नाही.

"वास येऊन राहिला का?" त्याईनं मले विचारलं. त्या वेळी मी जवाई होतो का गडी, ते त्याईच्या तोंडावरून समजलं नाही.

तीस वर्षं थिनरमध्ये काढलेल्या माणसाचं नाक ते. भाजी करपली तरी मले शेजारी सांगतात. मी जवळ गेलो, डोळे मिटले, अन् लांब श्वास घेतला. खडूचा भुगा नाकात गेला अन् मी असा शिंकलो का दोन फांद्यांचा फुलोरा उडाला.

"येऊन राहिला," मी म्हटलं. "जब्बर येऊन राहिला."

मामाजी मान हलवून म्हणे, "मग? सांगतलं होतं ना."